पांढऱ्या पेशींना जखमेचा पत्ता कसा लागतो? केमोकाइन रिसेप्टर बिघडले तर काय होतं?

पत्ता त्यांना आधी माहीतच नसतो, त्या वासावर जातात म्हणा ना. जखमेजवळच्या पेशी केमोकाइन नावाची छोटी प्रथिनं सोडतात आणि पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर ती टिपतात. वासाची उपमा फार ओढूनताणून आणलेली नाही: नाकातले गंध टिपणारे रिसेप्टर याच मोठ्या घराण्यातले, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार गेलेले.

शिकत असताना मी एक प्रयोग केला होता. मधे ३ मायक्रॉनच्या छिद्रांचा पडदा, वर न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार), खाली इंटरल्यूकिन-८ हे केमोकाइन. छिद्राहून कितीतरी जाड असलेल्या त्या पेशी तासाभरात अंग चोरून खाली उतरल्या. मग तेच केमोकाइन वरच्या बाजूलाही तेवढंच घातलं, तर खाली उतरलेल्या पेशी अगदीच थोड्या. रसायन भरपूर होतं, पण कमी-जास्त कुठेच नव्हतं. पेशीला दिशा कळते ती या फरकावरून.

रिसेप्टर फक्त पळवतात असं मात्र नाही, ते धरूनही ठेवतात. माझ्या मते हीच बाजू जास्त रंजक आहे. अस्थिमज्जेतल्या सीएक्ससीएल१२ या केमोकाइनमुळे, त्याचा रिसेप्टर सीएक्ससीआर४ असलेल्या पेशी तिथेच थांबतात. या रिसेप्टरच्या जनुकातल्या दोषाने तो गरजेपेक्षा जास्त काम करू लागला, की न्यूट्रोफिल मज्जेतच अडकतात, रक्तात त्यांचा तुटवडा पडतो आणि जंतुसंसर्ग पाठ सोडत नाहीत. हा व्हिम सिंड्रोम. १९६४ साली नोंदवलेली त्याची एक रुग्ण पुढे आपोआप बरी झाली! कारण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं: तिच्या एका रक्त-मूळपेशीतलं गुणसूत्र फुटून पुन्हा जुळताना सदोष जनुकच गळून पडलं होतं, आणि त्या पेशीच्या वंशाने मज्जा व्यापली. मज्जेची हीच पकड मुद्दाम सैल करायला प्लेरिक्साफॉर हे औषध वापरतात, म्हणजे प्रत्यारोपणासाठी मूळपेशी रक्तातून गोळा करता येतात.

एचआयव्हीचं थोडक्यात. पेशीत शिरायला तो पेशीवरच्या सीडी४ या प्रथिनासोबत बहुतेकदा सीसीआर५ हा केमोकाइन रिसेप्टर वापरतो. ज्यांच्या या जनुकाच्या दोन्ही प्रतींत डीएनएची ३२ अक्षरं गळालेली असतात, त्यांना सहसा लागण होत नाही. मॅराव्हिरॉक हे औषध सीसीआर५ अडवतं. पण काही विषाणू सीएक्ससीआर४ मधून शिरतात आणि तिथे हे औषध निरुपयोगी, म्हणून ते देण्याआधी विषाणू कुठल्या दाराने येतोय हे तपासावं लागतं.