छतावर ३ किलोवॅट बसवा, पण त्याआधी मुलीच्या शिक्षणाचे पैसे एनर्जी फंडातून काढा

धायरीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ४९, चाकणमध्ये खासगी नोकरी, स्वतःचे रो-हाऊस. प्रश्न छोटा आहे: ‘८ किलोवॅटच्या सोलरचे ४ लाख ८० हजारांचे कोटेशन मिळाले आहे. दरमहा १० हजार वाचतील असे विक्रेता म्हणतो. ४ लाखांची एफडी मोडू की कर्ज काढू? कोळसा संपत चालला आहे, पुढे सगळे सौरच, म्हणून दीड वर्षापूर्वी बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरच्या सल्ल्याने १८ लाखांच्या एफडी मोडून एनर्जी थीमच्या फंडात टाकले आहेत. आज १६ लाख ४० हजार दिसतात. त्यांनीच ३ लाख वार्षिक हप्त्याची युलिपही (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) दिली. तिचे दोन हप्ते भरले, तिसरा दोन महिन्यांत आहे. फंडाला १५ टक्के धरले तर सोलरचा हप्ता त्यातूनच निघेल ना?’ खाली एक ओळ आहे: मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दोन वर्षांत परदेशी पाठवायची, १२ लाख आम्ही द्यायचे ठरले आहे.

सोलरचे उत्तर लवकर देतो, कारण तिथे चूक झाली तरी २-३ लाखांची होईल. त्या शेवटच्या ओळीतली चूक मोठी आहे.

तुम्ही पाठवलेल्या बिलांवर वर्षाची सरासरी महिन्याला ३१० युनिट आहे. उन्हाळ्यात ४२०, पावसाळ्यात २४०. बिल सरासरी ३,६०० रुपये. ३,६०० च्या बिलातून १० हजार वाचू शकत नाहीत. विक्रेत्याने ८ किलोवॅटचे महिन्याचे साडेनऊशे युनिट धरून त्यांना ११ रुपयांनी गुणले आहे. तो दर तुम्ही वापरलेल्या विजेचा आहे, विकलेल्या विजेचा नाही. नेट मीटरवर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर, जास्तीचे युनिट वर्षभर पुढे ओढले जातात, पण ३१ मार्चला जे उरतात ते महावितरण अगदी कमी दराने घेते. तो दर ३ रुपये धरा, कमीच निघेल.

पुण्यात १ किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. ३ किलोवॅटचे ४,२०० झाले आणि तुमची गरज ३,७२० आहे. म्हणजे ३ किलोवॅट पुरतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे कमाल अनुदानही ३ किलोवॅटलाच मिळते: पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार. त्यापुढे ८ बसवा की १०, रुपयाही वाढत नाही. ३ किलोवॅटचा खर्च २ लाखांच्या आसपास, अनुदान जाऊन १ लाख २२ हजार. स्थिर आकार सोडून बाकीचे बिल जवळपास जाते, म्हणजे वर्षाला ४० हजार वाचतात आणि तीन वर्षांत पैसे वसूल होतात. वरचे ५ किलोवॅट मात्र २ लाख ८० हजार जास्त घेऊन वर्षाला सात हजार युनिट ३ रुपयांनी विकणार, म्हणजे एकवीस हजार. ते वसूल व्हायला तेरा वर्षांहून जास्त लागतील आणि इन्व्हर्टर बहुधा त्याआधीच बदलावा लागेल. पुढे इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर ४ किलोवॅट करा, त्याहून जास्त नको.

एफडी मोडू नका. महिन्याचा खर्च ७० हजार असताना ४ लाख म्हणजे सहा महिन्यांचाही आधार नाही. या योजनेत सरकारी बँका २ लाखांपर्यंत तारणाशिवाय, ६ ते साडेसहा टक्क्यांच्या आसपास कर्ज देतात. १ लाख ८० हजारांचे कर्ज घ्या, २० हजार खिशातले घाला. अनुदान तुमच्या खात्यात येते, ते आले की ७८ हजार सरळ कर्जात भरा. उरलेल्या लाखभराचा तीन वर्षांचा हप्ता ३,१०० रुपये पडतो आणि बिलात ३,४०० वाचतात. हप्ता बिलातूनच भागतो, फंडाच्या नफ्याची वाट पाहावी लागत नाही.

अर्ज करण्याआधी बिलावरचे नाव बघा. तुमच्या बिलावर अजून वडिलांचे नाव दिसते आहे. ग्राहक क्रमांकावरचे नाव आणि अनुदानाच्या खात्यावरचे नाव जुळले नाही की अर्ज तिथेच अडकतो. आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या. मंजूर भारही, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर झालेले कमाल किलोवॅट, बघा, तो बिलावरच छापलेला असतो. कोटेशनमध्ये पॅनल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर, असल्याचे लेखी हवे. नाहीतर अनुदान नाही. करही तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे बसवण्याच्या कामासह एकत्रित कर साधारण ८.९ टक्के पडतो. तुमच्या कोटेशनवर अजून १३.८ लावला आहे. ५४० वॅटचे सहा पॅनल लागतील, सुमारे ३०० चौरस फूट मोकळी गच्ची लागेल. दक्षिणेला शेजारची पाण्याची टाकी आहे असे लिहिले आहे, तर डिसेंबरात सकाळी ९ आणि दुपारी ४ ला तिची सावली कुठवर येते ते पाहून जागा ठरवा. साध्या इन्व्हर्टरवर पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्या माळेचे उत्पादन घटते. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (गंजू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवलेला), अर्थिंग तीन स्वतंत्र: डीसी, एसी आणि वीजरोधक. शेवटचे २० टक्के पैसे नेट मीटर बसून उलटे युनिट दिसू लागेपर्यंत देऊ नका. पॅनल छतावर आणि मीटर तीन महिने नाही, ही तक्रार फार येते, आणि तोवर विक्रेत्याचे पूर्ण पैसे गेलेले असतात.

आता १८ लाखांकडे.

‘कोळसा संपत चालला’ हे तुमच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे आणि ते खरे नाही. २०२४-२५ मध्ये देशात १०० कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला, तोपर्यंतचा सर्वाधिक. २०२५ च्या मध्यावर स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा (कोळसा, तेल, वायू सोडून बाकीच्यांचा) वाटा निम्म्यावर गेला, ही बातमी तुम्ही वाचली असेल. पण क्षमता वेगळी आणि निर्मिती वेगळी. सोलर रात्री बंद असतो, म्हणून प्रत्यक्ष विजेतला कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. संध्याकाळी सातनंतर मिक्सर, गीझर, एसी एकदम चालू होतात तेव्हा चंद्रपूर आणि कोराडीचेच संच भार उचलतात. २०३१-३२ पर्यंत आणखी किमान ८० गिगावॅट औष्णिक क्षमता वाढवायचे केंद्राचे नियोजन आहे. ज्या दिवशी सोलरचा जीएसटी कमी झाला त्याच दिवशी कोळशावरचा टनाला ४०० रुपयांचा उपकरही गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. टनाला १,५०० रुपयांचा कोळसा धरा: आधी कर ४७५ रुपये होता, आता २७०. म्हणजे वीजकेंद्रांचा कोळसा स्वस्त झाला.

कोळशाची खरी किंमत यात धरलेली नाही. औष्णिक विजेच्या एका युनिटला पाऊण किलोच्या जरा खाली कोळसा जळतो. तुमच्या ३१० युनिटसाठी महिन्याला दोनशे किलो. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, ती चंद्रपूरच्या लोकांच्या वाट्याला येते. तुमच्या वाट्याला येतो तो बिलावरचा ‘इंधन समायोजन आकार’. २०२२ मध्ये परदेशी कोळसा टनाला ४०० डॉलरवर गेला आणि वीजकेंद्रांना आयात कोळसा मिसळायला सांगितले गेले, तेव्हा तो भार शेवटी ग्राहकांवरच आला. छतावरचे ३ किलोवॅट तुम्हाला यातून सोडवतात. म्हणूनच सोलर बसवा असे मी जोर देऊन सांगतो आहे.

फंड मात्र यातून सोडवत नाही. त्याची महिन्याची फॅक्टशीट, म्हणजे पैसे कुठे गुंतवले आहेत ते सांगणारे पत्रक, उघडा आणि पहिले दहा शेअर वाचा. एनर्जी थीमच्या बहुतेक फंडांत रिलायन्स, एनटीपीसी, ओएनजीसी, पॉवर ग्रिड, कोल इंडिया हीच नावे वर असतात. कोळशाचे दिवस संपले असे मानून टाकलेल्या पैशांचा मोठा भाग कोळसा जाळणाऱ्या, कोळसा काढणाऱ्या आणि तेल विकणाऱ्या कंपन्यांत आहे. हे विकणाऱ्याने तुम्हाला सांगायला हवे होते. फॅक्टशीटची दोन पाने दाखवायला पाच मिनिटे पुरली असती.

आणि समजा फंड निव्वळ पवन आणि सौर कंपन्यांचा असता, तरी हे पैसे तिथे नकोच होते. उद्योग वाढला म्हणजे भागधारकाचा पैसा वाढला असे नसते. उदाहरण पुण्यातलेच आहे. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचा शेअर जानेवारी २००८ मध्ये ४०० च्या वर होता. मार्च २०२० मध्ये तो २ रुपयांच्या आसपास आला. त्या बारा वर्षांत देशाची पवनऊर्जा क्षमता घटली नाही, चौपटीहून जास्त वाढली. पवनऊर्जा वाढणार हा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. कंपनीने परदेशी कंपन्या घेण्यासाठी काढलेले कर्ज फिटले नाही, २०१२ मध्ये रोखे थकले आणि भागधारकाचा पैसा गेला. सौर निविदांत आज युनिटचा दर अडीच रुपयांच्या आसपास लागतो. त्याचा फायदा वीज घेणाऱ्याला होतो. वीज विकणाऱ्याच्या नफ्यावर मात्र त्याचा ताण येतो.

१५ टक्के ‘धरायचे’ असतील तर त्याच कागदावर उणे ३० टक्केही धरा. एका क्षेत्राच्या फंडात असे वर्ष येतेच. तुमच्या मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी ते आले तर १६ लाख ४० हजारांचे साडेअकरा लाख होतील आणि फी भरायला पैसे कमी पडतील. दोन वर्षांनी लागणारा पैसा कोणत्याच इक्विटी फंडात नको, एका क्षेत्राच्या फंडात तर मुळीच नको.

मूळ १८ लाख परत येईपर्यंत थांबू नका. तुम्ही कितीला घेतले होते हे बाजाराला माहीत नसते. या आठवड्यात पूर्ण रक्कम काढा. दीड वर्ष झाले आहे, त्यामुळे एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचा आकार) बहुधा लागणार नाही, तरी विवरणपत्रात पाहा. १ लाख ६० हजारांचा तोटा दीर्घकालीन आहे. आयकर विवरणपत्र मुदतीत भरले तर तो आठ वर्षे पुढे ओढता येतो आणि पुढच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा होतो, एवढे तरी पदरात पाडून घ्या. १२ लाखांच्या तीन बँकांत मिळून तीन-चार एफडी करा, मुदती प्रवेशाच्या तारखांआधी संपणाऱ्या ठेवा. एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंतच विमा असतो, तेव्हा छोट्या सहकारी बँकेच्या अर्ध्या टक्क्यासाठी जाऊ नका. उरलेल्या ४ लाख ४० हजारांतले २ लाख आपत्कालीन एफडीत मिळवा, बाकीचे साध्या निफ्टी इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये (मध्ये एजंट नसलेल्या) ठेवा आणि निवृत्तीपर्यंत हात लावू नका. ऊर्जाक्षेत्रावरचा विश्वास सुटत नसेल तर त्यातले ५० हजार तिकडे ठेवा, त्याहून जास्त नाही.

युलिपचा तिसरा हप्ता भरू नका. करमुक्त आहे असे सांगून ती विकली असणार. १ फेब्रुवारी २०२१ नंतर घेतलेल्या युलिपचा वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या वर असेल तर मुदतीअंती मिळणाऱ्या रकमेवरच्या नफ्याला कर लागतो. तुमचा हप्ता ३ लाख आहे. ५० हजार कमी भरायला सांगितले असते तर ही सवलत राहिली असती, पण तेवढे कमिशनही कमी झाले असते. तिसऱ्या वर्षी थांबल्यास खंडित आकार, म्हणजे मध्येच थांबवल्याची वजावट, कमाल ४ हजार रुपये. तुमचा निधी ‘डिस्कंटिन्युड’ फंडात जातो, तिथे किमान ४ टक्के मिळतात आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर पैसे हातात येतात. ४ हजार देऊन पुढचे ९ लाख मोकळे होत असतील तर ते द्या. कंपनी पॉलिसी पुन्हा सुरू करण्याची पत्रे पाठवेल, फोनही येतील. बंद करण्याचा पर्याय लेखी कळवा आणि पोच घ्या. हप्त्यांवर ८०सी ची वजावट घेतली असेल तर ती परत उत्पन्नात येते का, हे आधी सीएंकडून पाहून घ्या.

क्रम मात्र चुकवू नका. युलिप थांबली की तिचे ३० लाखांचे विमासंरक्षण संपते आणि तुमच्याकडे दुसरा आयुर्विमा नाही. आधी १ कोटीचा टर्म विमा काढा, ६० वर्षांपर्यंतचा. तुमच्या वयाला, धूम्रपान नसेल तर, वर्षाला साधारण ३० ते ४० हजार पडतील. वैद्यकीय तपासणीला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून अर्ज आजच करा आणि पॉलिसी हातात आल्यावरच युलिपचे पत्र द्या. प्रस्तावात रक्तदाब लपवू नका, तुम्ही पत्रात गोळी चालू असल्याचे लिहिले आहे.

नाव बदलायचा अर्ज, टर्म विम्याचा अर्ज आणि फंडाची विक्री ही तीन कामे याच आठवड्यात होण्यासारखी आहेत. सोलरच्या विक्रेत्याला ३ किलोवॅटचे नवे कोटेशन मागा, ८.९ टक्के कराने. त्याने ८ चाच आग्रह धरला तर दुसरा विक्रेता बघा. योजनेच्या पोर्टलवर नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी आहे, पुण्यात पर्याय भरपूर आहेत.