मोंतेरिज्जोनीची सुरुवात तटाबाहेरून करा

इटलीतली मध्ययुगीन तटबंदी समजून घ्यायची असेल तर मोठी शहरं नंतर, आधी मोंतेरिज्जोनी. 13व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिएना या नगरराज्याने प्रतिस्पर्धी फ्लॉरेन्सला रोखण्यासाठी टेकडीवर बांधलेलं हे गाव. तटाचा घेर सुमारे 570 मीटर, बुरूज 14, दरवाजे फक्त दोन: एक रोमच्या दिशेला, दुसरा फ्लॉरेन्सच्या.

पोचल्या पोचल्या आत शिरू नका. पायथ्याने फेरी मारा आणि बुरूज तटाच्या किती पुढे आलेत ते बघा. त्यामुळेच भिंतीला भिडलेल्या शत्रूवर बाजूने बाण सोडता येत. ते आज बुटके वाटतात, कारण पुढे त्यांची उंची कमी केली गेली. मूळ उंची मनात धरा. मध्ययुगीन इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यात नरकातल्या राक्षसांना याच बुरुजांची उपमा दिली आहे.

आत चर्चचा साधा दर्शनी भाग बघाच, पण घरांमागच्या मोकळ्या बागाही चुकवू नका. वेढ्यात भाजीपाला तिथूनच मिळे. आणि हो, 1554 मध्ये गाव फ्लॉरेन्सकडे गेलं ते रक्षण करणाऱ्या सरदारानेच हवाली केल्यामुळे. तटावरच्या फेरीचं तिकीट मात्र शेवटी काढा.