पटल, साय की किटण?

फोंड्याच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलंय: मायक्रोबायॉलॉजीचा प्रकल्प घरच्यांना कळेल अशा मराठीत लिहायचाय, तर 'बायोफिल्म'ला (म्हणजे चिकटून राहणाऱ्या जिवाणूंच्या थराला) 'जैवपटल' म्हणू, की आई सुचवते तसं 'जिवाणूंची साय'? कृतीतलं एक वाक्यही तपासायला दिलंय: 'प्लेट धुऊन घेतली व जिवाणू मोजले.'

'जैवपटल' चूक नाही, पुस्तकात चालेल. पण 'पटल' म्हटलं की मला आधी विधानसभेच्या पटलावर ठेवलेला अहवाल दिसतो, मग डोळ्यावर आलेलं पडळ. (पडळ म्हणजे पटलच, बोलून बोलून झिजलेलं.) यात पसरणं आहे, झाकणं आहे, चिकटणं नाही. बायोफिल्मचं तर सगळं चिकटण्यावर चालतं. जिवाणू पृष्ठभाग धरतात, शर्करा, प्रथिनं, डीएनए यांचा चिकटा स्वतःच बाहेर सोडतात आणि त्यातच ठाण मांडतात.

म्हणून माझं मत 'किटण'ला. दातांवर चढतो तो मऊ थर बायोफिल्मच आहे. स्वतः घडवलेल्या सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणाऱ्या डच लेव्हेनहुकने 1683 सालच्या पत्रात त्यातल्याच हलत्या जिवांचं वर्णन केलं. शिवाय क्रियापद आयतं मिळतं: किटण बसतं, किटण चढतं. 'जैवपटलाची निर्मिती होते' असलं काही लिहावं लागत नाही.

आईची साय मात्र टाकू नका. द्रवाच्या वर, हवेच्या बाजूने जी बायोफिल्म धरते तिला तोच शब्द चपखल. माडाच्या सुरेच्या व्हिनेगरवर कधीकधी बुळबुळीत कातडी धरते ना, ती जिवाणूंनी विणलेल्या सेल्युलोजची साय. 'शेवाळ' मात्र नको, ते वेगळंच प्रकरण.

आता ते वाक्य. 'धुऊन' नव्हे, 'विसळून'. 96 खळग्यांच्या प्लेटमधला द्रव ओतून टाकायचा आणि खळगे पाण्याने हळू विसळायचे, म्हणजे तरंगते जिवाणू जातात, चिकटलेले राहतात. जोर लावून धुतलंत तर मोजायचं तेच वाहून जाईल. मग 0.1 टक्का क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग, दहा-पंधरा मिनिटं, पुन्हा विसळणं, आणि प्लेट टिपकागदावर उपडी घालून निथळवणं. खळग्याच्या भिंतीवर जांभळं कडं उरतं, कपात चहाचं उरतं तसं. ते 30 टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवून 550 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशाचं शोषण मोजतात.

आणि 'जिवाणू मोजले' तर नाहीच. हा रंग मेलेल्या पेशींना लागतो, जिवंत पेशींना लागतो, चिकट्यालाही लागतो. जिवंत किती ते हवं असेल तर थर खरवडून, आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरून वसाहती मोजाव्या लागतात. तुमचं वाक्य असं करा: 'प्लेट विसळली, बसलेलं किटण रंगवलं आणि एकूण किती बसलं ते रंगाच्या गडदपणावरून मोजलं.'