बी.कॉम.ला ५२ टक्के असताना अमेरिकेत जे.डी.साठी अर्ज

मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.ला ५२ टक्के आणि चौथ्या सेमिस्टरला दोन केटी (नापास झालेले विषय) असताना अमेरिकेतील लॉ स्कूलला अर्ज करण्यात अर्थ आहे का, असे तुम्ही नेरुळहून विचारले आहे. मी मूळचा ठाण्याचा, नौपाड्यातला, जे.डी. (वकिलीसाठीची अमेरिकन पदवी) करून आता न्यू जर्सीत वकिली करतो. माझ्या मते अर्थ नक्कीच आहे, मात्र पुढचे वर्ष तुम्ही एलसॅटला, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेला, दिले तर.

५२ टक्क्यांचे ४ पैकी किती होतात, हे गणित आधी सोडून द्या. अर्ज ज्या एलसॅक संस्थेमार्फत जातात, ती भारतीय पदवीचा जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) काढतच नाही. निकाल सरासरीच्या वर, सरासरीइतका की खाली, एवढाच शेरा मूल्यमापनात येतो. लॉ स्कूल दरवर्षी जो मध्यक जीपीए जाहीर करतात, त्यातही परदेशी पदवीचे गुण धरले जात नाहीत. कमी जीपीएचा अमेरिकन विद्यार्थी घेतल्याने शाळेचा आकडा खाली येतो, तुम्हाला घेतल्याने येत नाही. तुमचा एलसॅटचा गुणांक मात्र त्यांच्या आकडेवारीत धरला जातो, आणि १२० ते १८० या मोजपट्टीवरचा तो गुणांक वाढवणे अजून तुमच्या हातात आहे. ऑगस्ट २०२४ पासून या परीक्षेतील लॉजिक गेम्सचा (तर्ककोड्यांचा) भाग काढून टाकला आहे, त्यामुळे कोणी जुनी पुस्तके स्वस्तात देऊ केली तरी त्यांतला तो भाग सोडून द्या.

गुणपत्रिका कोणी वाचत नाही, असा याचा अर्थ नव्हे. केटी त्यांना दिसणारच, म्हणून अर्जासोबत एका पानापेक्षा कमी लांबीचे स्वतंत्र स्पष्टीकरण जोडा. वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधला गाळा सांभाळलात, हे तुम्ही मला एका ओळीत ओझरते लिहिले आहे. तेच तिथे नीट लिहा. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, पहाटे किती वाजता ट्रक खाली होत असे, त्यानंतर कॉलेजला किती वाजता पोहोचत होता, आणि पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला गुण कसे सुधारले, एवढे पुरे. दया मागणारे एकही वाक्य नको, आणि प्राध्यापकांना दोष देणारे तर मुळीच नको. शिफारसपत्रांपैकी एक तरी तुमचे लिखाण पाहिलेल्या शिक्षकांचे असावे.

तीन वर्षांची पदवी चालते का, हे प्रत्येक शाळेला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. पैशाचा विचारही आताच करा, कारण अमेरिकन सरकारचे विद्यार्थी कर्ज आपल्याला मिळत नाही आणि खासगी कर्जाला बहुधा अमेरिकेतला जामीनदार लागतो. शाळेच्या शिष्यवृत्तीतही एलसॅटचे वजन मोठे असते.

भारतातच एलएल.बी. करून मग अमेरिकेत एलएल.एम.ला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) जावे का, हा तुमचा दुसरा प्रश्न. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्क्यांची अट आहे, ती तुम्ही पूर्ण करता. न्यू यॉर्कसारख्या काही राज्यांत त्या मार्गाने बार परीक्षेला (वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला) बसता येते, पण बऱ्याच राज्यांत अट जे.डी.चीच असते. अमेरिकेतच राहून वकिली करायची असेल, तर मी जे.डी.च सुचवेन.

बऱ्याच शाळांचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात आणि जागा आलेल्या अर्जांनुसार भरत जातात. ट्रान्स्क्रिप्ट (सर्व गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडूनच जावे लागते, तेव्हा विद्यापीठाच्या कलिना संकुलाची ती फेरी पावसाळ्याआधी उरका.