पिंपल्स अजून येत आहेत आणि जुन्यांचे खड्डेही राहिलेत, तर आधी उपचार कशावर करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, पाच वर्षांपासून गालांवर आणि हनुवटीवर पिंपल्स, चार-पाच क्रीम लावून बघितली पण दोन-तीन आठवड्यांत फरक न दिसल्यामुळे सोडून दिली, आणि आता काळे डाग व खड्डे दोन्ही दिसायला लागलेत म्हणून लेझर करायचा विचार आहे.

आत्ता लेझर करू नका. आधी नवे पिंपल्स थांबवा. छत गळतंय तोवर भिंतीला रंग देऊन काय उपयोग? खड्डे भरायला अनेक महिने लागतात, आणि त्या काळात नव्या गाठी उठत राहिल्या तर शेजारी नवे खड्डे पडणारच. तुमची क्रीम वाया का गेली, तेही यातच आहे. ती बहुधा वाईट नव्हती, तुम्ही ती लवकर सोडलीत.

हे कळण्यासाठी पिंपल कसा तयार होतो ते बघा. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक छिद्रात एक नाजूक केस असतो आणि त्याला तेल बनवणारी ग्रंथी जोडलेली असते. वयात येताना ॲन्ड्रोजेन हार्मोन्समुळे ही ग्रंथी जास्त तेल सोडते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या अस्तरातल्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. आत तेल साठतं. त्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू पोसले जातात. २०१६ पर्यंत त्यांना प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत, त्यामुळे जुन्या लिखाणात ते नाव दिसेल. शरीर त्यांच्याविरुद्ध दाह निर्माण करतं, मग लाली, सूज, पू. सुरुवातीचं बूच डोळ्यांना दिसतही नाही, आणि त्याचा लाल पिंपल व्हायला साधारण आठ आठवडे जाऊ शकतात. म्हणजे आज आरशात दिसणारा पिंपल दोन महिन्यांपूर्वीच सुरू झालेला असतो. म्हणून औषध कोणतंही असो, १२ आठवडे सलग लावल्याशिवाय त्याचा निकाल लावू नका. आणि दिसणाऱ्या पिंपलवर ठिपका लावून भागत नाही. जिथे पिंपल्स येतात तो सगळा भाग, आज स्वच्छ दिसणारी जागा धरून, झाकला पाहिजे.

ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसतो. उघड्या तोंडातलं मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) आणि हवेशी संयोग झालेलं तेल काळं दिसतं. त्यामुळे घासून ते निघत नाही, उलट त्वचा सोलवटते. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे.

औषध सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा. सगळे फोड एकाच आकाराचे, बारीक, खाजरे आणि जास्त करून कपाळ, छाती, पाठ इथे असतील, तर तो केसांच्या मुळांचा बुरशीसंसर्ग असू शकतो. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर तो वाढतो. दुसरी गोष्ट, आजवर लावलेल्या ट्यूबवरची घटकद्रव्यं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. गोरेपणाच्या आणि डाग घालवायच्या अनेक मिश्र क्रीममध्ये ते असतं. पहिले दोन आठवडे चेहरा सुंदर दिसतो, नंतर त्वचा पातळ होते, लाल पडते आणि क्रीम बंद करताच पिंपल्स उसळून येतात. महिनोन् महिने लावलं असेल तर ते कसं सोडायचं हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

आता रोजचा क्रम. साध्या ते मध्यम पिंपल्ससाठी माझा भर दोन औषधांवर आहे: रात्री ॲडापालीन ०.१ टक्के जेल आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. पहिलं बूच बसू देत नाही, दुसरं जिवाणू मारतं. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मोठं बळ असं की जिवाणूंना त्याची सवय होत नाही. १० टक्क्यांचं घेऊन जास्त फायदा होत नाही, जळजळ मात्र नक्की वाढते.

दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नका, नाहीतर चेहरा चरचरला की दोष कोणाचा ते कळत नाही. आधी ॲडापालीन. रात्री चेहरा धुवा, टिपून कोरडा करा आणि १५ मिनिटं थांबा, कारण ओलसर त्वचेत औषध जास्त झिरपून आग होते. मटारच्या दाण्याएवढं जेल बोटावर घ्या. कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी अशा पाच जागी ठिपके द्या आणि हलक्या हातानं पसरवा. तेवढंच संपूर्ण चेहऱ्याला पुरतं. कमी वाटतं म्हणून अजून घेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पापण्या, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या खाचा सोडा, तिथली त्वचा सर्वात आधी फाटते. वर साधं, तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर लावा. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर असे तीन थर द्या.

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन आठवडे एक रात्र आड, मग सोसत असेल तर रोज. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सालपटं निघतात, आणि काहींचे पिंपल्स थोडे वाढल्यासारखे दिसतात. नेमकं इथेच लोक सोडून देतात; तुमचंही बहुधा असंच झालं असणार. सालपटं आणि हलकी चुरचुर चालेल. सूज, पाणी सुटणं किंवा सतत आग होत असेल तर तीन-चार दिवस थांबून कमी वेळा लावून पुन्हा सुरू करा.

चार आठवड्यांनी सकाळचं बेन्झॉइल पेरॉक्साइड जोडा. त्याचा फेसवॉश मिळत असेल तर चेहऱ्यावर दोन-तीन मिनिटं ठेवून धुतला तरी काम होतं आणि कोरडेपणा कमी राहतो. टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे वापरा. हे औषध रंगीत कापडाचा रंग कायमचा उडवतं. सकाळच्या औषधावर ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावा. ते ऐच्छिक समजू नका. काळे डाग का टिकतात ते पुढे सांगतो.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ॲडापालीन वापरू नका. अशा वेळी १५ ते २० टक्के ॲझेलेइक ॲसिड हा चांगला पर्याय आहे, आणि ते डागही उजळवतं. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल एकटं कधीच लावू नका, जिवाणू त्याला लवकर दाद देईनासे होतात. लावायचंच तर सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हवं.

मात्र खड्डे पडत आहेत, म्हणजे दाह खोलवर जातोय. म्हणून फक्त जेलवर १२ आठवडे काढण्याआधीच तुम्ही डॉक्टरांना दाखवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी देऊ शकतात, सहसा तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि सोबत जेल चालूच राहतात. ही गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. ती चालू असताना त्वचा उन्हानं पटकन भाजते.

गाठी मोठ्या, दुखऱ्या असतील किंवा खड्डे वाढत असतील तर आयसोट्रेटिनॉइनची गोळी. ती अमेरिकेत १९८२ पासून वापरात आहे, आणि तेलग्रंथीच आक्रसवणारं तिच्यासारखं दुसरं औषध नाही. डोस वजनावर ठरतो: रोज किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, आणि एकूण किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम होईपर्यंत. ६० किलोच्या माणसाला एकूण ७,२०० ते ९,००० मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या डोसनुसार साधारण चार ते दहा महिने. गोळी जेवणासोबत घ्यायची, स्निग्ध पदार्थाबरोबर ती नीट शोषली जाते. ओठ फुटतातच, पहिल्या दिवसापासून लिप बाम ठेवा. यकृत आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या लागतात. मनःस्थिती खालावल्यासारखी वाटली तर लगेच डॉक्टरांना सांगा. डॉक्सिसायक्लिनसोबत ती कधीही घ्यायची नाही, डोक्यातला दाब धोकादायक वाढू शकतो. आणि सर्वात महत्त्वाचं: गर्भावर तिचा भयंकर परिणाम होतो. स्त्रियांनी ती सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि संपल्यावर निदान एक महिना गर्भधारणा कटाक्षानं टाळायची असते. ही गोळी स्वतःच्या मनानं घेण्याची नाही.

स्त्रियांमध्ये पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि जबड्याच्या कडेला खोल पिंपल्स असं एकत्र दिसलं तर पीसीओएसची (बीजकोश आणि हार्मोन्सशी संबंधित विकाराची) तपासणी करून घ्या. तिथे हार्मोनवरचं औषध लागू शकतं, नाहीतर पिंपल्स परत परत येतात.

पिंपल फोडण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खड्ड्यांचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. दोन बोटांनी दाबता तेव्हा थोडा पू वर येतो, पण तितकाच दाब खालीही जातो. छिद्राची भिंत आधीच सुजून पातळ झालेली असते. ती आतल्या आत फुटते आणि तेल, मृत पेशी, जिवाणू आसपासच्या त्वचेत पसरतात. संध्याकाळपर्यंत जागा दुप्पट सुजलेली असते. भरून येताना कोलॅजेन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) कमी पडलं तर खड्डा, जास्त झालं तर उंचवटा. पू दिसत असलेल्या पिंपलवर हायड्रोकोलॉइड पॅच (पू शोषून घेणारी चिकट पट्टी) लावा. निदान हात तरी लागत नाही. टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा यांनी त्वचा भाजते आणि नवा काळा डाग मात्र मिळतो.

आता चेहऱ्यावर नेमकं काय उरलंय ते ओळखा. रात्री खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च कानाजवळ धरून प्रकाश गालावर आडवा पाडा आणि आरशात बघा. सावली पडत नसेल तर तो सपाट डाग, व्रण नव्हे. गडद किंवा लालसर, दोन्ही सपाट डाग महिन्या-वर्षात विरतात. ऊन मात्र गडद डाग लांबवतं, आणि त्यात दिसणारा प्रकाशही सामील असतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन गव्हाळ-सावळ्या त्वचेला जास्त उपयोगी. ॲडापालीन आणि ॲझेलेइक ॲसिड यांनी हे डाग लवकर जातात. यासाठी लेझरवर पैसा घालवू नका.

सावली पडत असेल तर दोन बोटांनी त्वचा ताणा. खड्डा नाहीसा झाला तर तो लाटेसारखा उथळ, रुंद खड्डा. त्वचेला खालून तंतूंनी धरून ठेवलेलं असतं. यावर सबसिजन: भूल देऊन सुईनं ते तंतू सोडवतात. दहा-बारा दिवस निळंकाळं राहतं. इथे नुसतं लेझर मारून घेणं मला पटत नाही, कारण खालची दोरी तशीच राहते. ताणूनही राहणारे, सरळ कडांचे आणि सपाट तळाचे खड्डे मायक्रोनीडलिंग (त्वचेला बारीक सुया टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्या-ठिपक्यांनी मारलेलं लेझर) यांनी उथळ होतात. खोल असतील तर गोल पात्यानं (पंच) खड्ड्याचा तळ सोडवून वर उचलतात. आणि सुई टोचल्यासारखी, दोन मिलिमीटरहून अरुंद, खोल भोकं असतील तर वरून काहीही लावून तळ गाठता येत नाही. त्यांच्यात ७० ते १०० टक्के ट्रायक्लोरॅसेटिक ॲसिड टोकदार काडीनं थेंबभर, फक्त भोकाच्या आत लावतात. काही सेकंदांत जागा पांढरी होते, मग खपली धरते आणि आठवड्याभरात पडते. अशा तीन ते सहा सिटिंग्ज लागतात. हे ॲसिड घरी लावणं म्हणजे चेहरा जाळून घेणं आहे.

बहुतेकांच्या गालावर तिन्ही प्रकार मिसळलेले असतात, म्हणून एकाच मशीनचं पॅकेज सगळ्यांना विकणाऱ्या ठिकाणापासून लांब राहा. मायक्रोनीडलिंगसाठी दवाखान्यात १.५ ते २.५ मिलिमीटरची सुई चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं वापरतात. घरचा रोलर इतका खोल जात नाही, आणि पिंपल्सवर फिरवला तर जिवाणू गालभर पसरवतो. नवं कोलॅजेन हळूहळू बनतं, त्यामुळे शेवटच्या सिटिंगनंतर तीन ते सहा महिन्यांनीच फरक मोजा. खड्डे पूर्ण सपाट होत नाहीत; उथळ होतात, कडा मऊ होतात, सावली कमी पडते.

सलग तीन महिने नवे पिंपल्स जवळजवळ थांबले की यासाठी जा. जबडा, छाती, खांदा इथे जखमेवर जाड गाठ येण्याचा इतिहास असेल तर आधीच सांगा. अशांना केलॉइड होऊ शकतं आणि मग लेझरनं नुकसानच होतं. आयसोट्रेटिनॉइन घेत असाल किंवा नुकती संपवली असेल तर तेही सांगा, काही लेझर त्यासाठी पुढे ढकलावी लागतात. त्वचा गव्हाळ-सावळी असेल तर जबड्याच्या कडेला छोट्याशा भागावर आधी टेस्ट करून द्यायला सांगा आणि चार-सहा आठवडे थांबा. तिथे काळा डाग धरला तर त्याच सेटिंगवर संपूर्ण चेहरा करू देऊ नका.