लॉज सावरायचंय? आधी नदीवर चला

बंधू, तुमच्या फ्रीमेसन लॉजचं, म्हणजे आपल्या बंधुसंघाच्या स्थानिक शाखेचं, सेक्रेटरीपद घेतलंत आणि बैठकीला जेमतेम नऊ डोकी, हे वाचून वाईट वाटलं. इंग्लंडमधल्याच एका खेड्यातल्या लॉजमध्ये मीही हे दिवस काढलेत. गळाच्या मासेमारीभोवती माणसं जोडायची तुमची कल्पना मला मनापासून आवडली. सध्या एवढंच करा:

- उन्हाळ्यात बहुतेक लॉजना सुट्टी असते, आणि ट्राउट-सॅमन सोडून बाकी माशांचा नदीवरचा हंगाम १६ जूनला उघडतो. पहिली सहल तेव्हाच काढा. कुटुंबांनाही बोलवा. रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासे धरायचा परवाना, मात्र गळ टाकणाऱ्या १३ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाकडे हवंच.
- शेजारच्या लॉजमधले मासेमारीचे हौशी बंधू शोधा. आपलं लॉज न सोडता ते तुमच्याकडेही सदस्य होऊ शकतात. आमचं लॉज तगलं ते यांच्यामुळेच.
- जुन्या मंडळींना आधी विश्वासात घ्या. त्यातल्या कुणाला गळ धरायचा नसेल तर नसू दे, काठावर खुर्ची टाका.

नवखे हमखास चुकतात ते घाईत. नदीवर भेटलेल्या माणसापुढे लगेच सदस्यत्वाचा फॉर्म सरकवू नका. वर्षभर ओळख होऊ द्या. आणि सहलींच्या नादात लॉजच्या विधींची तालीम बुडवू नका. लॉजचं नाव, उपविधी (लॉजचे स्वतःचे नियम), बैठकीच्या तारखा बदलायला वरच्या संस्थेची मंजुरी लागते, ते पुढच्या वर्षी बघू. पहिल्या सहलीला किती जण आले, तेवढं नक्की कळवा.