विचारा की बिनधास्त : बेटावरची सुट्टी

मागच्या अंकात उन्हाळी सुट्टीचे प्रश्न पाठवा म्हणलं होतं. दरवर्षी महाबळेश्वर का आंबोली एवढंच येतं, यंदा निम्म्या लोकांना बेटावरच जायचंय! मग म्हणलं एक अख्खा अंक बेटांनाच देऊन टाकू.

प्रश्न : मुलाची चौथीची परीक्षा झाली. इतिहासात सिंधुदुर्ग वाचल्यापासून बेट बघायचं, खऱ्या समुद्रातलं, रंकाळ्यावर नेऊन भागवू नका असं म्हणतोय. धाकटी सहा वर्षांची आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. मिस्टरांना शनिवार-रविवारच सुट्टी. मेच्या शेवटी गेलं तर चालेल का? (एक आई, शाहूपुरी)

उत्तर : ताई, आधी शेवटच्या वाक्याचं सांगतो. मेच्या शेवटी नको. मेचा शेवटचा आठवडा लागला की मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद होतात त्या सप्टेंबरपर्यंत, आणि मग कोल्हापुरातनं दीडशे किलोमीटर जाऊन किनाऱ्यावरनं किल्ल्याला हात करून यायचं. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून आपण समजतो सुट्टी जूनपर्यंत, पण समुद्राची सुट्टी आपल्या आधी सुरू होते. १५-२० मेच्या आत उरका.

जायला राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट-कणकवली-कसाल-मालवण. गगनबावड्यावरनंही जाता येतं, पण निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का विचारून घ्या, दरड नाहीतर रस्त्याचं काम, काहीतरी असतंच. पहाटे पाचला निघालात तर राधानगरीत चहा-नाश्ता, दाजीपूरच्या जंगलात नशिबात असला तर गवा, आणि साडेनऊ-दहाला मालवण.

आता बहुतेक लोक काय करतात तर पोचले की बॅगा गाडीतच ठेवून थेट जेट्टीवर. म्हणजे किल्ल्यात पाय ठेवायला साडेअकरा-बारा, डोक्यावर ऊन, खाली तापलेला चिरा. आम्ही पण हेच केलतं. किल्ल्यातल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात चपला काढून जायचं असतं, आणि आमची पोरगी त्या फरशीवर अशी उड्या मारत गेली की देव बाजूला राहिला, सगळी तिच्याकडेच बघायला लागली. शेवटी मी तिला उचलून घेतलं आणि माझे तळवे भाजले. तेव्हापासून आमच्या पिशवीत सगळ्यांचे एकेक जोड जाड मोजे असतात. हसू नका, तुम्ही पण घ्या.

तर शनिवारी पोचा, जेवा, झोपा, संध्याकाळी तारकर्ली नाहीतर चिवला बीच. किल्ला रविवारी सकाळी, पहिल्या बोटींपैकी एखादीनं. मालवणच्या जेट्टीवरनं दहा-पंधरा मिनिटं लागतात. अकराच्या आत परत आलात की मासे खाऊन दोनला निघा म्हणजे घाट उजेडात पार होतो.

बोटवाले सांगतात एका तासात परत या. तासात अठ्ठेचाळीस एकर कसं बघणार! घाईत पोरं नुसती पळतात आणि आठवतं काय तर सरबत. बोटीत बसायच्या आधीच विचारा की उशिरानं दुसऱ्या बोटीनं परत आलो तर चालेल का, तिकिटाच्या वेळी बोललं तर बरेचदा जमतं, नंतर किल्ल्याच्या दारात भांडून काही होत नाही. आणि लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाचं मागा. एकदा आमच्या बोटीत माणसं कोंबायला लागले आणि धाकटीला दिलेलं जॅकेट तिच्या डोक्यावरनं निघत होतं, आम्ही सरळ उतरलो. अर्धा तास गेला, गेला तर गेला.

मुलाला काय दाखवायचं? पहिलं, दरवाजा. बोट जवळ जाईपर्यंत दार दिसतच नाही, दोन बुरुजांच्या मध्ये वळणात लपवलंय. त्याला सांगा शोध. कुरटे बेटावरचा हा किल्ला, पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, बांधायला तीनेक वर्षं लागली, हिरोजी इंदुलकरांची देखरेख, पायाचे चिरे बसवताना शिसं ओतलं हे पुस्तकात असेलच. पण तट साधारण तीन किलोमीटरचा आहे हे वाचून कळत नाही, थोडं चालल्यावरच कळतं. दाराच्या वरच्या बाजूला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात. शिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांनी बांधलेलं, आतली मूर्ती दाढी नसलेली, त्यामुळं पोरगं नक्की विचारणार, हे महाराज कसे?

आणि विहिरी बघाच. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधी गोडं! पावसाचं पाणी खडकात मुरतं आणि ते खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं वर तरंगून राहतं. किल्ल्यात अजूनही काही घरं राहतात. मुलाला विचारा, इथल्या पोरांनी शाळेला कसं जायचं, मग गप बसतो का बघा.

सासूबाईंचं म्हणाल तर अडचण किल्ल्यात नाही, बोटीत चढता-उतरताना आहे. ओहोटीला बोट खाली जाते आणि पायरी उंच पडते. दोघांनी दोन्ही दंड धरायचे आणि बोट हलायची थांबली की मगच पाय टाकायचा. आत मंदिरापर्यंत त्या सावकाश येतील, तटावर नेऊ नका. त्यांना मंदिरात बसवून तुम्ही फिरून या.

प्रश्न : गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेची सुट्टी साधून देवबागला गेलतो. त्सुनामी आयलंडवर बोटवाल्यानं अकराला उतरवलं तर मांडीएवढं पाणी! बेट कुठाय म्हणलं तर म्हणतो पायाखाली. फसवलं का आम्हाला? (वाचक, कळंबा)

उत्तर : नाही हो, खरंच पायाखाली होतं. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं ती वाळूची पट्टी आहे, भरतीला बुडते, सुकतीला वर येते. चूक पौर्णिमेची. (बोटवाल्यानं आधी सांगायला पायजे होतं हे मात्र खरं.)

कोकणातली जुनी माणसं घड्याळ नसताना भरती कशी काढायची ऐका. तिथीला पाऊणनं गुणायचं. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. सुकती तिच्या सहा तास अलीकडं-पलीकडं, म्हणजे सकाळी पावणेदहाला. अष्टमीला भरती सहाला, सुकती बाराला. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाऊणं सव्वाअकरा. तुम्ही अकराला गेलात, म्हणजे बरोब्बर भरतीच्या टोकावर, आणि त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जास्तच चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती कमी.

वद्य पक्षात पण तसंच, पुन्हा एकपासून मोजायचं. हिशेब अंदाजे आहे, अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतं, तरी ट्रिप ठरवायला पुरतो. यंदा भिंतीवरचं कॅलेंडर काढा, चतुर्थी-पंचमीला शनिवार-रविवार येतोय का बघा, आणि सकाळी नऊला जावा. कोरड्या वाळूत पोरांना खेकडे मिळतील.

प्रश्न : घाटात आणि बोटीत उलट्या होतात. काय करू? (रंकाळा वेस)

उत्तर : पुढच्या सीटवर बसा, लांब बघा, मोबाइल नको. निघताना मिसळ-कट नको, हे कोल्हापुरात सांगणं अवघड आहे पण सांगतो. दशमी किंवा कोरडं भडंग चालेल, आलेपाक तोंडात ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, आणि उलटी व्हायला लागल्यावर नाही, निघायच्या आधी.

प्रश्न : दोन दिवस नाहीत, पैसे पण नाहीत. एका दिवसात होणारं बेट सांगा. आणि समुद्र नको, आईला भीती वाटते. (वाचक, उचगाव)

उत्तर : बहे! इस्लामपूरच्या पुढं, वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या पात्रातच बेट आहे. वर रामलिंग आणि रामाचं देऊळ, आणि त्याच्या मागं समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. कृष्णेला पूर आला तेव्हा मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी अडवलं म्हणून गावाचं नाव बहे, असं सांगतात. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, पावसाळ्यात मात्र तिकडं जायचा विचार पण करू नका.

येता-जाता पारगाव आणि मनपाडळे केलंत तर आणखी दोन मारुती होतात, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातले. आई खूश, पेट्रोल सोडलं तर खर्च जवळपास नाही. डबा घरचा न्या, आणि पोरांना पाण्यात घोट्याच्या वर सोडू नका, नदीचा डोह वरनं कळत नाही. आम्ही गेलतो तेव्हा देवळाच्या सावलीत धपाटं आणि दही खाऊन तिघं झोपलो, चौथा चपला राखत बसला.

प्रश्न : गोव्याला जातोय, बीच बघून कंटाळा आलाय. पोरांना वेगळं काय दाखवू? (वाचक, राजारामपुरी)

उत्तर : दिवाडी बेट. जुन्या गोव्यातनं फेरीबोटीत गाडीच चढवायची, मांडवी ओलांडायची. गाडी पाण्यावर चाललीय म्हणून पोरं वेडी होतात. बेटावर शेतं, पिएदादची टेकडी, तिच्यावर चर्च, शांत सगळं. या बेटावर कदंबांच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं, ते पोर्तुगीजांच्या काळात पाडलं. देव नदीपलीकडं नार्व्याला हलवला आणि तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून घेतलं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी मिळते, म्हणजे एका दिवसात जुनी जागा आणि नवं देऊळ दोन्ही. शेवटची फेरी किती वाजता ते जातानाच विचारून घ्या, नाहीतर मुक्काम बेटावरच.